एम.एस्सी. भूशास्त्रानंतर अक्षय ऊर्जेत काम: फक्त भूऔष्णिकच, की आणखी काही?

सड्यावरचा:
शेवटचं सत्र चालू आहे. तेल-कोळशाकडे जायचं नाही, हे ठरलंय. प्रबंधासाठी कोकणातल्या गरम पाण्याच्या कुंडांचं रसायन घेतोय: तुरळ, राजवाडी, उन्हवरे. दोन शंका आहेत.
१) पाण्यात विरघळलेल्या सिलिकावरून जमिनीत खोलवरचं तापमान काढलं तर एकाच झऱ्याला ११० आणि १३७ अंश सेल्सिअस अशी दोन उत्तरं येतात. धरायचं कुठलं?
२) यावर पुढे पोट भरतं का?

झरे_आणि_भेगा:
तुमची सिलिका लिटरला १०० मिलिग्रॅम आलेली दिसते. क्वार्ट्झच्या सूत्रात, म्हणजे १३०९ ÷ (५.१९ − लॉग सिलिका) − २७३ मध्ये, ती घातली की १३७ अंश मिळतात. चाल्सेडनीला (क्वार्ट्झचाच अतिसूक्ष्म कणांचा प्रकार) १०३२ आणि ४.६९ हे आकडे लागतात, म्हणून ११०. गणित दोन्हीकडे बरोबरच आहे. खाली पाणी कोणत्या खनिजाशी समतोलात आहे, एवढाच प्रश्न. बसाल्टात साधारण १८० अंशांच्या खाली चाल्सेडनी धरतात; आइसलंडमध्येही तेच करतात. कोकणात मात्र पाणी बसाल्टाखालच्या जुन्या खडकात उतरतं का, यावर एकमत नाही. तेव्हा दोन्ही आकडे द्या आणि कल कुठे आहे ते कारणासह लिहा.

खरी गोची मिसळीची. वर येताना निम्मं थंड पाणी मिसळलं तर (थंड पाण्यातली सिलिका धरली नाही तर) १०० चे ५० होतात आणि क्वार्ट्झचं उत्तर १३७ वरून थेट १०२ वर येतं. त्यामुळे जवळच्या थंड विहिरीचा नमुना हवाच. क्लोराइड आणि सिलिका आलेखावर मांडा, मिसळ असेल तर रेषेत दिसेल. सोडियम-पोटॅशियमचं सूत्र अशा कमी तापमानाच्या पाण्यात फुगलेले आकडे देतं. मॅग्नेशियम जास्त असेल तर त्यावर विसंबूच नका.

नमुना कुंडातून घेऊ नका. तिथे लोक साबण लावून आंघोळ करतात. उगमाच्या भेगेत नळी घाला, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि प्लॅस्टिकच्या दोन बाटल्या भरा. एकीत नायट्रिक आम्ल (पीएच २ च्या खाली) धातूंसाठी, दुसरी तशीच क्लोराइड-सल्फेटसाठी. काचेची बाटली नको, काचेतली सिलिका पाण्यात उतरते. सिलिका जास्त असेल तर जागेवरच दहापट ऊर्ध्वपातित पाणी घालून वेगळी बाटली करा. नाहीतर थंड होताना सिलिकेचे रेणू साखळ्या धरतात, आणि मॉलिब्डेटच्या रंगचाचणीत त्या मोजल्याच जात नाहीत. पीएच आणि क्षारता झऱ्यावरच मोजा, कारण वाटेत कार्बन डायऑक्साइड उडून जातो. धन-ऋण आयनांचा ताळा पाच टक्क्यांत बसला नाही तर तापमान काढायच्या भानगडीत पडू नका.

कोअरपेटी:
दुसऱ्या प्रश्नाचं बोलतो. लडाखच्या पुगा खोऱ्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने (जीएसआय) १९७० च्या दशकात बोअर घेतले, २०२१ मध्ये ओएनजीसीने १ मेगावॅटच्या प्रकल्पासाठी करार केला, २०२५ मध्ये केंद्राचं भूऔष्णिक धोरणही आलं. पण व्यावसायिक वीजकेंद्र देशात अजून नाही. त्यामुळे निव्वळ भूऔष्णिकवर भिस्त ठेवू नका.

महाराष्ट्रात भूशास्त्रज्ञाला काम आहे ते पंप्ड स्टोरेजमध्ये. घाटमाथ्यावर एक तलाव, पायथ्याशी दुसरा, मध्ये कातळात बोगदे; वीज जादा असताना पाणी वर चढवायचं, लागेल तेव्हा खाली सोडून वीज काढायची. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प याच जातीचा. तिथे तुमचा दिवस कोअर (बोअरमधून निघालेल्या खडकाच्या कांड्या) नोंदवण्यात जातो आणि चुका ठरलेल्या असतात:

उभे सांधे (नैसर्गिक भेगा) असलेल्या घट्ट बसाल्टात उभा बोअर घेतला तर तो दोन सांध्यांच्या मधून जातो. १० सेंटिमीटरहून लांब तुकड्यांची टक्केवारी, म्हणजे आरक्यूडी, ९० येते आणि खडक उत्तम वाटतो. मग बोगद्यात पाणी धो-धो लागतं. तिरका बोअर मागा. खर्चावरून कुरकुर होईल, तरी मागा.

लाव्हाच्या दोन प्रवाहांमधला लाल थर, रेड बोल, कोअरच्या पेटीत आला तेव्हा टणक वाटतो. चार दिवस ऊन-पाणी लागलं की भुगा. त्याच दिवशी नोंद करा, फोटो काढा, चाचणीचा तुकडा मेणात बुडवा. कोअर हरवलेली जागा बहुतेक वेळा नेमकी हीच असते. पेटीत तिथे लाकडी ठोकळा आणि त्यावर खोली लिहिलेली हवी, शेजारचे तुकडे सरकवून जागा भरलेली नको. ताज्या, खडबडीत भेगा ड्रिलिंगने पडलेल्या असतात. त्या जोडूनच लांबी मोजा.

ल्युजॉन चाचणी, म्हणजे बोअरमध्ये दाबाने पाणी सोडून खडक किती पाणी घेतो ते मोजणं (१० बारला मीटरमागे मिनिटाला १ लिटर म्हणजे १ ल्युजॉन), दाबाच्या पाच टप्प्यांत करा: कमी, मध्यम, कमाल, मध्यम, कमी. परतीच्या टप्प्यांत आकडा चढाच राहिला तर भेगेतला गाळ धुऊन निघतोय किंवा दाबाने खडकच उघडलाय. पॅकर (बोअरचा तेवढा भाग बंद करणारं फुगतं बूच) भुसभुशीत जागी बसवला तर पाणी बाजूने वर येतं आणि खडकाला फुकट दोष लागतो.

पवनपंखा:
सौर-पवनवालेही भूशास्त्रज्ञ घेतात. जांभ्याच्या सड्यावर वरचं कवच कडक, खाली मऊ चिकणमाती किंवा पोकळी. त्यामुळे प्रत्येक टर्बाइनच्या जागी स्वतंत्र बोअर, एकावरून दुसऱ्याचा अंदाज नाही. सौर प्रकल्पात काळी माती पावसात फुगून खांब वर उचलते. खांब उपटण्याची चाचणी फक्त उन्हाळ्यात घेतलीत तर आकडे उगाच छान येतात.

सड्यावरचा:
आभार. सरकारी वाट कोणती? आणि भूऔष्णिकचं प्रशिक्षण?

कोअरपेटी:
जीएसआयमध्ये भूशास्त्रज्ञ व्हायला यूपीएससीची कम्बाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा, वय २१ ते ३२, राखीव वर्गांना सवलत. मुख्य परीक्षेत भूशास्त्राचे तीन पेपर, प्रत्येकी २०० गुण, मुलाखतीचे २००. प्रशिक्षणासाठी आइसलंडचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. १९७९ पासून चालू, आता युनेस्कोच्या छत्राखाली. पण तिथे विद्यार्थ्याला थेट अर्ज करता येत नाही, नोकरीतल्या संस्थेमार्फतच नाव जातं. म्हणून आधी नोकरी बघा.