नेट बंद केलं की उत्पादन वाढतं?

अंबडकर: काल इथे एकांनी लिहिलं, कारखान्यात मोबाइल बंद करा, उत्पादन आपोआप वाढेल, नेटनं कामगार वाया गेला. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. नाशिकच्या अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे. पूर्वी ड्रॉइंग आणायला माणूस एसटीनं पुण्याला जायचा, ड्रॉइंगमध्ये बदल (रिव्हिजन) निघाला की पुन्हा. आता पहिल्या जॉबचा मोजमाप रिपोर्ट संध्याकाळी गिऱ्हाइकाकडे पोचतो आणि मंजुरी आली की रात्रपाळी सुरू. हा वाचलेला वेळ कुठे गेला तुमच्या हिशेबात?

सातपूरचा सुपरवायझर (निवृत्त): पोस्ट माझीच. वेळ मालकाचा वाचला. मशिनवरच्या पोराचे डोळे रीलमध्ये, इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, तुटलेलं कळतं तेव्हा अर्धा ट्रे रिजेक्ट. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो १९८७ मध्येच म्हणाले होते, संगणक सगळीकडे दिसतो, उत्पादकतेच्या आकड्यांत तेवढा दिसत नाही. अमेरिकेत १९९५ नंतर उत्पादकता वाढायचा वेग वाढला, २००५ च्या सुमारास पुन्हा मंदावला. स्मार्टफोन त्यानंतरचा. काय वाढवलं त्यानं?

अंबडकर: विजेचंही असंच झालं. एडिसनचं वीजकेंद्र १८८२ चं. कारखान्यांना खरा फायदा १९२० च्या दशकात, सगळी मशिनं एकत्र फिरवणारे शाफ्ट-पट्टे जाऊन प्रत्येक मशिनला स्वतःची मोटर आली तेव्हा. मांडणी बदलायला वेळ लागतो, साहेब.

लासलगावकर: कारखान्याचं राहू द्या, कांद्याचं बोला. ई-नाम, म्हणजे शेतमालाचा ऑनलाइन बाजार, २०१६ ला आलं, तरी आमच्या ट्रॅक्टरपुढे व्यापारी तोंडीच बोली लावतो. भाव पडल्याचं मोबाइलवर कळून करायचं काय? माल परत नेला तर डिझेल अंगावर. डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी मिनिटात सगळ्यांच्या फोनवर आली आणि भाव कोसळले.

निफाडचा बागाईतदार: दादा, बंदी दिल्लीनं घातली, नेटनं नाही. २०१० ला क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशावरून युरोपनं आपली द्राक्षं अडवली होती. ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या ऑनलाइन नोंदणीवर, पेटीपासून प्लॉटपर्यंत माग लागतो, म्हणून खोट कुठे ते सापडतं. वहीत हे जमलं असतं?

लासलगावकर: तुमच्या द्राक्षाला युरोप, आमच्या कांद्याला साठवणीची चाळ. आम्हाला शिकवू नका.

निफाडचा बागाईतदार: शिकवत नाही. चाळीतला सडका कांदा मीही उकिरड्यावर टाकलाय. एवढं तोडून बोलायचं कारण नव्हतं.

सातपूरचा सुपरवायझर (निवृत्त): पेटीचं मान्य, नाइलाजानं. मशिनवर फोन नको, यावरून हटणार नाही.

अंबडकर: माझ्याकडेही फोन दाराशीच ठेवतात. मग भांडण रीलशी आहे, नेटवर खापर का फोडता?

लासलगावकर: माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. लासलगावात ट्रॅक्टर रांगेत लागलाय आणि मोबाइलवर पिंपळगावच्या बाजारात क्विंटलमागे शंभर रुपये जास्त दिसतायत. नेऊ की नको?