शेताचं क्षेत्रफळ काढणारा पायथन प्रोग्राम लई हळू चालतोय

मलप्रभाकाठचा:
आमचं रान खानापूर तालुक्यात, मलप्रभेला लागून. नदीकडचा बांध इतका वाकडातिकडा की टेप धरली तरी भावकीत एकमत नाही. म्हणून बांधावरनं फिरून मोबाईलवर २३ कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश टिपले. प्रोग्राममध्ये शेताभोवती चौकोन आखतो, त्यात ५० लाख ठिपके कुठेही टाकतो आणि किती शेतात पडले ते मोजतो. एका शेताला पाऊण मिनिट. भावकीची अजून पंधरा शेतं बाकी हाईत! वर दरवेळी उत्तर चाळीस-पन्नास चौरस फूट हलतं. उताऱ्यावर १ एकर ३८ गुंठे, प्रोग्राम म्हणतो ८१ गुंठे. तीन गुंठे वाढले म्हणून बाबा खूश. लूपचा वेग कसा वाढवू?

टिळकवाडीकर:
नमपाय (पायथनची वेगवान आकडेमोडीची लायब्ररी) वापर. सगळे ठिपके एका ॲरेत (आकड्यांच्या यादीत) घे आणि लूप ठिपक्यांवर न चालवता २३ बाजूंवर चालव. पण हलणं थांबणार नाही. चूक दहापट कमी करायची तर ठिपके शंभरपट लागतात.

निपाणीचा काका:
अरे, कोपरे हातात असताना ठिपके कशाला? प्रत्येक कोपऱ्याचा क्ष गुणिले पुढच्याचा य, वजा पुढच्याचा क्ष गुणिले ह्याचा य. शेवटच्याची जोडी पहिल्याशी लाव. सगळ्यांची बेरीज, तिचं निम्मं, उणे चिन्ह आलं तर सोड. २३ फेऱ्यांत काम खलास. आधी सगळ्यांतून पहिला कोपरा वजा कर, नाहीतर मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीत दशांश हरवतात.
आणि एक सांग, अंशांचे मीटर कसे केलास?

मलप्रभाकाठचा:
दोन्हीकडे १ अंश म्हणजे १११ किलोमीटर धरलोय. चुकलं काय?

निपाणीचा काका:
तिथंच तुझे तीन गुंठे हाईत. १११ विषुववृत्तावर. खानापूर साडेपंधरा अंशांच्या जरा वर, तिथं पूर्व-पश्चिम अंश १०७ किलोमीटरच्या आसपास भरतो. तेवढ्या १११ ला अक्षांशाच्या कोसाइननं गुण.

मलप्रभाकाठचा:
केलो की ओ काका. एंटर दाबेपर्यंत उत्तर, आणि ७८ च्या जवळ! दहादा चालवलो, जागचं हललं नाही. बाबांना अजून सांगितलं नाही.

निपाणीचा काका:
सांग, पण चौरस फुटांवरनं भावकीशी भांडू नको. मोबाईलचा बिंदूच दोन-चार मीटर इकडंतिकडं पडतो. झाडाखाली उभा राहून टिपलेले कोपरे तेवढे पुन्हा घे.