नायटा आणि मेडिकलवरची ट्यूब

दादा, तुम्ही लिहिलंय की आईचा नायटा मेडिकलवरच्या ट्यूबनं आठ दिवसांत बसतो आणि ट्यूब बंद केली की दुप्पट होऊन येतो. आमच्या बाबांचं दोन पावसाळे अगदी हेच झालं. त्या ट्यूबमध्ये क्लोबेटासोल होतं, म्हणजे जोरदार स्टेरॉइड. ते दाह दाबतं. लाली जाते, खाज थांबते, वाटतं बरं झालं. पण नायटा ही बुरशी. तिच्याशी लढणारी अंगाची ताकदच दबली की ती आरामात पसरते. कडाही पुसट होतात, मग डॉक्टरलाही चटकन ओळखू येत नाही. कातडी पातळ पडते ती वेगळीच. सोरायसिसला, इसबाला हेच औषध डॉक्टरच्या देखरेखीत फार उपयोगी पडतं, दोष औषधाचा नाही. २०१८ पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी आमच्या तालुक्याला सर्रास मिळतात. याचा मला फार राग येतो.

वायगावची हळद लावू का, असंही विचारलंत. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत दाह कमी करताना दिसतं, पण नायट्यासाठी तिच्या भरवशावर राहू नका.

आईला ग्रामीण रुग्णालयात न्या, ती ट्यूब सोबत घ्या. बाबांना बुरशीचं औषध कित्येक आठवडे चाललं. घरात प्रत्येकाचा टॉवेल वेगळा केला, डवरणीहून आल्यावर ओले कपडे लगेच बदलायला लावले, तेव्हा कुठं गेला.