डेथ व्हॅली: सरप्राइज कॅन्यनमधून पॅनामिंट सिटी एका दिवसात होईल का?

निवडुंग७

मंडळी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही तिघं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या डेथ व्हॅलीला चाललोय. बॅडवॉटर, झॅब्रिस्की पॉइंट वगैरे गेल्या खेपेला झालंय त्यामुळे ह्यावेळी पश्चिमेकडची पॅनामिंट सिटी डोक्यात बसलीये, चांदीच्या खाणींमुळे वसलेली आणि मग ओस पडलेली ती. माझ्याकडच्या जुन्या नकाशात सरप्राइज कॅन्यनमधून थेट वरपर्यंत रस्ता दाखवलाय, एकाने लिहिलंय जीप जायच्या, आणि दुसरा म्हणतो घोटाभर पाण्यातून चालावं लागतं. डेथ व्हॅलीत पाणी?? नक्की काय समजायचं? सकाळी निघून संध्याकाळी परत होईल का, आणि वर खाणींमध्ये आत जाऊन बघता येतं का? आम्ही नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलाय पण त्याला आता बारा वर्षं झाली आणि वजनं वाढलीत, हेही सांगून ठेवतो.

कडेकपारी

दोनदा गेलोय, एकदा वरपर्यंत पोचलो आणि एकदा अर्ध्यातून परत आलो, त्यामुळे दोन्हीचं सांगू शकतो.

पहिलं म्हणजे नकाशातला तो रस्ता विसर. रस्ता होता हे खरं, अगदी ट्रक जायचे, पण १९८४ च्या पुरात खालचा भाग असा धुऊन गेला की मूळ खडक उघडा पडला. त्यानंतर काही हौशी लोक जीपला विंच लावून धबधब्यांवरून गाड्या अक्षरशः ओढून वर न्यायचे, ते २००१ मध्ये बंद झालं. आता फक्त पायी.

पाण्याचं म्हणशील तर दुसऱ्याने लिहिलंय ते खरंय. वरच्या झऱ्यांचं पाणी खालच्या टप्प्यात बारा महिने वाहतं. क्रिस विख्ट कॅम्पला गाडी लावून निघालास की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंनी कडे जवळ येतात आणि मधे पाण्याने घासून गुळगुळीत झालेला पांढुरका खडक, त्यावरून छोटे छोटे धबधबे. चढताना मजा येते, उतरताना बूड टेकून यावं लागतं, लाज बाळगू नकोस. त्याच्यापुढे विलोच्या झुडपांची अशी जाळी की वाट शोधत बसतोस, मी एका ठिकाणी चक्क रांगलोय, आणि बाहेर आलो तर डोक्यावर सरळ उन्हाचा कडा, एक हिरवं पान नाही. बूट ओले होणारच, दगडावरून दगडावर उड्या मारत कोरडे ठेवायचा प्रयत्न केलास तर पाय मुरगळेल. सरळ पाण्यात पाय घाल आणि मोजे जास्तीचे ने.

एका बाजूने ५ मैलांच्या वर अंतर आणि चढ साधारण ३,७०० फूट. आकडा ऐकून फार वाटत नाही पण वरचा अर्धा भाग सैल दगडगोट्यांचा आहे, दोन पावलं पुढे एक मागे. आणि ती विटांची चिमणी! चांदीच्या भट्टीची आहे, अजून उभी आहे, लांबूनच दिसते आणि वाटतं आलोच. आम्ही तिथे खुशीत बसून सगळं खाणं संपवलं, मग चिमणी काही जवळ येईना. पहिल्या खेपेला आम्ही परत फिरलो ते चिमणीच्या जरा अलीकडून.

जुनीपाटी

इतिहासाची थोडी भर घालतो, राहवत नाही. चांदी सापडली १८७३ च्या सुमारास, नेवाडाचे दोन सिनेटर, जोन्स आणि स्ट्युअर्ट, पैसे घेऊन उतरले आणि बघता बघता घळीत मैलभर लांब गाव उभं राहिलं, दोनेक हजार माणसं, दारूचे गुत्ते वगैरे सगळं. गाव इतकं गुंडांचं की वेल्स फार्गो या मौल्यवान माल वाहून नेणाऱ्या कंपनीने तिथला माल न्यायलाच नकार दिला. मग स्ट्युअर्टनी चांदीचे ४०० पौंडांच्या वरचे गोळे ओतून घेतले, उघड्या गाडीतून पाठवले, पहारेकरीसुद्धा नाही. लुटारू बघत बसले, घोड्यावर घालणार कसा तो गोळा! खरी चांदी मात्र वरवरचीच निघाली, लोक निघून जायला लागले आणि १८७६ च्या जुलैत पूर आला त्यात गावाचा बराच भाग वाहून गेला.

म्हणजे १८७६ आणि १९८४, घळ तीच आणि कारणही तेच. उघडे उभे उतार, पाणी धरून ठेवायला माती नाही, वर कुठेतरी ढगफुटी झाली की सगळं एकाच अरुंद तोंडातून बाहेर पडतं. तुझ्या डोक्यावर निळं आभाळ असलं तरी वरच्या रांगेवर काळं दिसत असेल तर आत शिरू नकोस. नोव्हेंबरात उन्हाळ्याइतकी भीती नाही, पण अंदाज बघूनच नीघ.

सावलीशोध

कडेकपारींचं बाकी सगळं पटलं पण एका दिवसात करू नका असं माझं मत. थँक्सगिव्हिंगला सूर्य पावणेपाचच्या आधीच मावळतो आणि घळीत तर त्याच्याही आधी सावली पडते, ते गुळगुळीत धबधबे हेडटॉर्चवर उतरायची वेळ माझ्यावर आलीये. परत नको. एक रात्र वर राहा. फक्त वर ६,३०० फूट उंची आहे, खाली टी-शर्टवर फिरत असाल तरी वर रात्री पाणी गोठू शकतं, स्लीपिंग बॅग त्या हिशोबाने घ्या.

वर काही जुन्या केबिन आहेत, एकीला लोक गमतीने पॅनामिंट हिल्टन म्हणतात. मी आत झोपणार नाही, तंबू लावेन. उंदरांच्या लेंड्या असतात आणि त्यांच्या धुळीतून हंटाव्हायरस होऊ शकतो, झाडू मारून जागा साफ करायला तर मुळीच जाऊ नका. झऱ्याचं पाणी फिल्टर करूनच प्यायचं, रानगाढवं फिरतात तिथे.

आणि खाणीत जायचं नाही. तोंडाशी उभं राहून बघा, बास. आत अंधारात जमिनीतच उभं भोक असतं, आधाराचं लाकूड कुजलेलं, आणि कोंडलेल्या हवेत प्राणवायू कमी असला तर कळायच्या आत माणूस आडवा होतो. ओढून काढायला गेलेला दुसराही. वर खिळा, बाटली काही पडलेलं दिसलं तर उचलायचं नाही, नॅशनल पार्क आहे, गुन्हा होतो.

कडेकपारी

@सावलीशोध, रात्र राहायची म्हणजे पाठीवर पंचवीस-तीस पौंड घेऊन ते धबधबे चढायचे, तेही सोपं नाही हं. मी म्हणेन उजाडायच्या आधी गाडीतळावर असा आणि दुपारी १२ वाजता जिथे असाल तिथून मागे फिरा, चिमणी समोर दिसत असली तरी. वजनं वाढलीत म्हणताय म्हणून सांगतोय.

निवडुंग७

सगळ्यांचे आभार, बायको हे वाचून म्हणाली की १२ चा नियम ती पाळायला लावणार, त्यामुळे एका दिवसाचं ठरलं. चिमणी मिळाली तर मिळाली. खाण रद्द. आता शेवटचं, भाड्याची साधी एसयूव्ही क्रिस विख्ट कॅम्पपर्यंत जाईल का?

सावलीशोध

बॅलरॅटपर्यंत, म्हणजे घळीच्या अलीकडच्या ओस गावापर्यंत, बिनधास्त. पुढचा कच्चा रस्ता दर पावसानंतर बदलतो, त्यामुळे निघायच्या आधी पार्कच्या साइटवर रस्त्यांची स्थिती बघा आणि बॅलरॅटला कोणी भेटलं तर विचारा. भाड्याच्या करारात कच्चा रस्ता चालतो का तेही वाचा, बहुतेक ठिकाणी चालत नाही. तिथले दगड धारदार आहेत, मोबाइलला रेंज नाही आणि टो करायला माणूस आला तर बिल बघून रडू येतं. गाडी ताब्यात घेतानाच डिकी उघडून स्पेअर बघून घ्या. आमच्यात जॅक होता, स्पेअर होता, पाना नव्हता.