वय ६३, गाडी १९५ किलो: कन्याकुमारीला जाऊ की नको?

मांजराकाठ (लातूर)

मंडळी, घरात तीन आठवड्यांपासून हा एकच विषय चालू आहे, म्हणून इथं टाकतोय. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली एकमेव चैनीची वस्तू म्हणजे दोन वर्षांपूर्वी घेतलेली रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० मोटारसायकल. संक्रांत झाली की लातूरहून सोलापूर, विजयपूर, हंपी, बेंगळुरू, मदुराई करत कन्याकुमारीला जायचं आणि तसंच परत यायचं. जाऊन-येऊन तीन हजार किलोमीटरच्या आसपास. रोज अडीचशेच्या वर नाही, दिवेलागणीच्या आत मुक्काम. सोबतीला कुणी नाही.

मुलगा म्हणतो, "बाबा, विमानानं जा, तिकीट मी काढतो." बायको काहीच म्हणत नाही, नुसती बघते. ते जास्त जड जातं.

माझं म्हणणं असं आहे. आमच्या गावात सत्तरी उलटलेले पाच-सहा आप्पा-अण्णा रोज स्प्लेंडरवर बाजाराला, बँकेत, सोयऱ्यांच्या तेराव्याला जातात. मागं खताचं पोतं, टाकीवर नातू, डोक्याला रुमाल. त्यांना कुणी विचारत नाही की आप्पा, तुमचं वय काय. मी हेल्मेट, जॅकेट, बूट घालून एबीएसच्या गाडीवर निघालो तर मात्र "या वयात शोभतं का?" म्हणजे अडचण वयाची नाही आणि धोक्याचीही नाही. कामासाठी माणूस रस्त्यावर गेला तर चालतो, हौसेसाठी निघाला की डोळ्यावर येतो. चुकत असेन तर सांगा.

बालाघाट (अंबाजोगाई)

काका, जा बिनधास्त! वय म्हणजे नुसता आकडा. मुलं काय, आपण चपला घातल्या तरी काळजी करतात.

हाडांचा डॉक्टर (जालना)

"वय म्हणजे नुसता आकडा" हे वाक्य माझ्या ओपीडीत प्लास्टर घालून बसलेली माणसं फार म्हणतात.

मांजराकाठ, तुमचं हौसेबद्दलचं निरीक्षण खरं आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटला नाही. आप्पा ओळखीच्या रस्त्यावर चाळीसच्या वेगानं बारा किलोमीटर जातात. कुठला खड्डा कुठं आहे, कुठल्या वस्तीवरचं कुत्रं अंगावर येतं, सगळं पाठ. तुम्ही बारा दिवस रोज सहा तास अनोळखी रस्त्यावर असणार. आणि खरं सांगायचं तर आप्पाही येतातच माझ्याकडं, खुबा मोडून. त्यांना कुणी अडवत नाही ही चूकच आहे. पण एका ठिकाणी चूक होते म्हणून दुसऱ्या ठिकाणीही होऊ द्या, हा कुठला न्याय?

आता आकड्याबद्दल. साठीनंतर डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीसारखी मोठी होत नाही, भिंग पिवळट पडतं, आणि समोरच्या गाडीचा पांढरा एलईडी डोळ्यात गेला की पुन्हा नीट दिसायला जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात साठच्या वेगानं गाडी किती पुढं जाते याचा हिशोब पाटबंधारेवाल्यांना मी काय सांगू. मान वळत नसेल तर मागचं बघणं आरशावरच सोडावं लागतं. साखर जुनी असेल तर तळपायाची जाणीव कमी होते, मग ब्रेकवर पाय किती दाबला हे बूट सांगेल तेवढंच. आणि तहान. वय वाढतं तशी तहान कमी लागते. त्यात प्रोस्टेटमुळं सारखं थांबावं लागतं म्हणून लोक मुद्दाम पाणीच पीत नाहीत. दुपारी तीनला चक्कर येते ती यामुळं, आणि लोक दोष देतात उन्हाला.

रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? तेवढं आधी सांगा.

सरळमार्गी (छत्रपती संभाजीनगर)

एवढा विचार कशाला? समृद्धीनं नागपूर गाठा, तिथून ४४ नंबरचा महामार्ग थेट कन्याकुमारीला जातो. एकही वळण नाही.

जुना राजदूत (बीड)

आरं बाबा, समृद्धीवर दुचाकीला बंदी हाय, टोलनाक्यावरूनच माघारी लावत्यात. अन् लातूरचा माणूस नागपूरला जाऊन मग कन्याकुमारीला? खरा द्राविडी प्राणायाम ह्योच.

मांजराकाठ

डॉक्टरसाहेब, गोळी चालू आहे. बीपीची एक आणि रक्त पातळ करायची एक. साखर नाही.

तब्येतीचं म्हणाल तर साठी झाली तेव्हा लायसनचं नूतनीकरण केलं. पंचावन्ननंतर ते पाच-पाच वर्षांचंच मिळतं, सोबत डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १-अ लागतो. तो रीतसर दिला. सरकारला मी चालतो, घरच्यांना चालत नाही.

हाडांचा डॉक्टर (जालना)

तो फॉर्म भरताना डॉक्टरनं तुमची नजर तपासली? मान वळवून बघितली? एका पायावर उभं केलं?

मांजराकाठ

मान वर करून माझ्याकडं बघितलंही नाही. शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं.

हाडांचा डॉक्टर (जालना)

मग सरकारला तुमचा कागद चालतो, एवढंच म्हणा.

परभणीची लेक

मी वाद घालायला आले नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझे बाबा ६६ वर्षांचे. अगदी तुमच्यासारखे, हेल्मेटशिवाय गल्लीतही न जाणारे. दोन वर्षांपूर्वी माहूरहून एकटेच परत येत होते. दिवेलागणीच्या आत मुक्काम, हा नियम त्यांचाही होता. पंक्चर काढण्यात दोन तास गेले आणि लोह्याच्या अलीकडं अंधार पडला. गाळपाचा हंगाम. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रस्त्यावरच बंद पडून उभा, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, खबरदारी म्हणून फक्त चार दगड ठेवलेले. बाबा आधी त्या दगडावर गेले.

वाचले. मांडीचं हाड आणि मनगट. चूक ट्रॉलीवाल्याचीच होती, शंभर टक्के. पण काका, हौस बाबांची होती, चूक ट्रॉलीवाल्याची होती आणि आठ महिने बेडपॅन उचललं आईनं. तिला आता स्वतःला खांद्याचा त्रास आहे. तुम्ही हौस आणि कामाचा हिशोब मांडला, त्यात हे खातं कुठं आहे? तुमच्या मिसेस नुसत्या बघतात म्हणालात ना, त्यांना काय दिसतंय ते एकदा विचारा.

बालाघाट (अंबाजोगाई)

ताई, वाईट वाटलं. पण ट्रॉलीला धडकायला दूरची सफर कशाला हवी? आमच्याकडं कारखाना सुरू झाला की दूध घालायला जाणारी पोरंही धडकतात.

परभणीची लेक

तेच म्हणतेय मी. रस्ता असा असताना गरज नसलेल्या तीन हजार किलोमीटरची भर कशाला?

देगलूर नाका (नांदेड)

मी ५७ वर्षांची, शाळेत शिकवते. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत स्कूटरवर बिदरच्या गुरुद्वाऱ्यापर्यंत जाते, एक रात्र तिथं राहते, दुसऱ्या दिवशी परत. लंगरमध्ये जेवायला बसलं की कुणी वय विचारत नाही आणि "मिस्टर कुठायत?" असंही विचारत नाही.

परभणीच्या लेकी, तुझं दुःख मला कळतं. माझ्याही घरी हेच ऐकवतात. फक्त एक सांगते. घरात काळजी करणारं माणूस नेहमी दुसऱ्याला घरी बसवूनच काळजी करतं. तीस वर्षं शाळा, स्वयंपाक, सासूबाईंचं आजारपण केलं, तेव्हा माझ्या कमरेची काळजी कुणाला नव्हती. स्कूटरला किक मारली की सगळ्यांना माझे मणके आठवतात.

पण मांजराकाठ, तुमच्या गाडीबद्दल मला शंका आहे. माझी स्कूटर शंभर-एकशेपाच किलोची, ती मलाच जड वाटते. १९५ किलोचं धूड हवं कशाला? कन्याकुमारीचा समुद्र स्प्लेंडरवरून वेगळा दिसतो का?

जुना राजदूत (बीड)

ताई बरोबर बोलल्या. पस्तीस वर्षं गॅरेज चालवलंय मी. म्हातारा माणूस शंभरच्या वेगात पडताना मी बघितला न्हाई. पडतो तो उभ्या गाडीवरून. पेट्रोल पंपावर, खडीवर, उतारावर पाय टेकवताना. पाय टेकला तिथं बोटभर खळगा निघाला की गाडी कलती व्हती. पंधरा अंशापर्यंत कुणीबी सावरतं, त्याच्या पुढं सावरायला गेलं की गाडीखाली पाय. सोडून द्यावी तवा. पण नवी गाडी सोडवत न्हाई माणसाला.

मांजराकाठ

स्प्लेंडरवरून समुद्र तसाच दिसेल, मान्य. पण मला समुद्रापेक्षा तिथपर्यंतचा आवाज हवाय. हे घरी सांगता येत नाही म्हणून इथं सांगतो.

आणि आता विषय निघालाच आहे तर एक गोष्ट लपवत होतो, तीही सांगून टाकतो. मागच्या महिन्यात औसा रोडवर एक रेडकू आडवं आलं. वेग पन्नास-पंचावन्न. मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी किंचाळली. नोकरीत असताना अठ्ठावीस वर्षं माझ्याकडं जुनी बुलेट होती. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. हिचं सगळं उलटं. दोन वर्षांत सवय झाली असं मी समजत होतो, आणि शांत डोक्यानं चालवताना झालीही आहे. पण दचकल्याबरोबर पाय जुन्या गाडीवर गेला. डावा पाय जोरात खाली, तिथं ब्रेक नाही, गिअर. क्लच न दाबता खालचा गिअर पडला, मागचं चाक दोनदा उडालं. वाचलो ते पुढच्या ब्रेकमुळं, कारण तो दोन्ही गाड्यांना उजव्याच हाताला आहे. रेडकू जागचं हललं नाही.

हाडांचा डॉक्टर (जालना)

हे पहिल्याच वेळी का नाही लिहिलंत? "वय ६३" पेक्षा ही माहिती दहापट महत्त्वाची आहे.

बालाघाट (अंबाजोगाई)

काका, आकड्याचं वाक्य मी मागं घेतो. आधी हे दुरुस्त करा.

जुना राजदूत (बीड)

हे व्हतंच, जुन्या बुलेटवाल्या निम्म्या गिऱ्हाइकांचं झालंय. इलाज हाय, पण बसून व्हत न्हाई. मोकळ्या मैदानात रोज सकाळी अर्धा घंटा. तीस-चाळीसचा वेग, ठरलेल्या खुणेवर गच्च ब्रेक, उजवा पाय अन् उजवा हात संगटच. महिनाभर. मधी कुणाला तरी अचानक ओरडायला लावा, कारण ठरवून दाबला तर पाय बरोबरच जातो. जुनी बुलेट अजून घरी आसल तर तिच्यावर बसायचं बंद करा. दोन्ही चालवणारा माणूस दोन्हीकडं कच्चा राहतो.

दुसरं. भरलेली टाकी, दोन्ही बॅगा भरलेल्या, अशी गाडी मऊ मातीत आडवी करा अन् एकट्यानं उचलून दाखवा. इंजिन बंद, गिअरमधी टाकलेली, म्हंजी चाक फिरत न्हाई. उजवीकडं पडली आसल तर साईड स्टँड आधी काढून ठेवा, न्हाईतर उचलता उचलता पलीकडं जाती. सीटला पाठ लावून बसायचं, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागची दांडी, अन् मांड्यांच्या जोरावर उलटं चालत उठायचं. वाकून कमरेनं ओढाल तर डॉक्टरांची सोय व्हईल. उचलली तर जा. न्हाई उचलली तर हलकी गाडी घ्या. वय मी विचारणार न्हाई.

परभणीची लेक

ही कसोटी मला पटली. पण पास झालात तरी खिशात एक कार्ड ठेवा. रक्तगट, चालू गोळ्यांची नावं आणि घरचा नंबर. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला की रक्तस्राव जास्त होतो, हे आम्हाला बाबांच्या वेळी कळलं. बेशुद्ध माणसाला कुणी विचारू शकत नाही. आणि माझा विरोध कायम आहे.

मांजराकाठ

रविवारी केलं. शेतात, नांगरटीच्या कडेला. बायको बांधावर उभी होती.

पहिल्या खेपेला गाडी हललीच नाही. दुसऱ्या खेपेला अर्ध्यात आली आणि मी सोडली. "साईड स्टँड काढलाय का?" असं बायकोनं विचारलं, तो काढला नव्हता. म्हणजे हा धागा तीही वाचत असणार. तिसऱ्या खेपेला उचलली. उभी राहिली तेव्हा माझे पाय थरथरत होते, पण उभी राहिली. बायको "बरं" म्हणाली आणि शेंगा वेचायला गेली.

मैदानातला सराव कालपासून सुरू केलाय. वीसपैकी तीनदा पाय चुकला. ओरडायला नातवाला ठेवलंय, तो फार मन लावून ओरडतो.

देगलूर नाका (नांदेड)

वीसातले तीन म्हणजे अजून नापास. जानेवारी राहू द्या, फेब्रुवारी बघा. पण अभिनंदन!

हाडांचा डॉक्टर (जालना)

उचलल्यानंतर कंबर कशी आहे? पायात काही?

मांजराकाठ

कंबर धरली होती, ती उतरली. डाव्या पायात पोटरीपासून अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात, जास्त वेळ बसलो की. तसं आधीही व्हायचं थोडं.

हाडांचा डॉक्टर (जालना)

"आधीही" म्हणजे कधीपासून?

मांजराकाठ

दिवाळीपासून असेल.

हाडांचा डॉक्टर (जालना)

या आठवड्यात जवळच्या हाडांच्या डॉक्टरला दाखवा, नाहीतर माझ्याकडं या. आणि येताना एसटीनं या.

मांजराकाठ

एसटीच्या अर्ध्या तिकिटाला अजून दोन वर्षं आहेत, डॉक्टर.