मदत हवी आहे: फ्रीबीएसडीचा एरर कोड ८० लिनक्सवर गोंधळ घालतोय

इंदूरच्या मंडळींत कर्नेलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात) हात घालणारं कुणी आहे का? फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमचं नेटवर्क फाइल सिस्टीम मॉड्यूल (दुसऱ्या मशीनवरच्या फाइली नेटवर्कवरून उघडणारा भाग) लिनक्सवर (एक्स८६ प्रोसेसर) आणायचंय. फ्रीबीएसडीत लॉगिन करणाऱ्याची ओळख पटली नाही की ईऑथ (EAUTH) हा एरर, म्हणजे कोड ८० येतो. लिनक्सच्या एरर कोडांच्या यादीत ईऑथ नाहीच. तिथे ८० म्हणजे ईलिबबॅड, म्हणून तोच आकडा लिनक्स कर्नेलच्या रिवाजाप्रमाणे उणे करून पाठवला की पासवर्ड चुकलेल्याला 'शेअर्ड लायब्ररी खराब' असा भलताच निरोप दिसतो!

आता ८० ऐवजी लिनक्सचे कोड द्यायचेत: ओळख पटवणारी डिजिटल किल्ली नसेल तर ईनोकी (१२६), मुदत संपली तर ईकीएक्सपायर्ड (१२७), इतकं ठरलंय. अडलंय ते चुकीच्या पासवर्डावर: ईअ‍ॅक्सेस (१३, परवानगी नाही) की ईकीरिजेक्टेड (१२९, किल्ली नाकारली)? १३ दिला तर फाइलची परवानगी आणि लॉगिन, दोन्ही तक्रारी एकाच पोत्यात जातात. १२९ मात्र जुने प्रोग्रॅम ओळखतील का?

शनिवारी छप्पन दुकानवर कोड दाखवतो, पोहे माझ्याकडून.