वाडीला आईला घेऊन जायचंय, लवकर सांगा

खारेगावकर
आईला वाडीला न्यायचंय. ठाण्याहून रात्री निघून सकाळी पोचेन अशी गाडी कोणती? तिचे गुडघे दुखतात. उद्यापर्यंत तिकीट काढायचंय, कृपया पटकन सांगा.

प्रवासी_७१
तुतारी एक्सप्रेस. मध्यरात्री दादरहून सुटते, ठाण्याला थांबते. स्टेशनापासून गावात रिक्षा मिळते. मोती तलावाकाठी राहायची सोय करा.

खारेगावकर
सावंतवाडी नाही हो! दत्ताची वाडी, नरसोबाची.

दत्तदास_ऐरोली
मग महालक्ष्मी. कल्याणहून बसा, मिरजेला उतरा, तिथून एसटीने वाडी. जयसिंगपूर आणखी जवळ पडतं, पण आई सोबत आहे तर मिरजच बरं, मोठं स्टेशन आहे. मी दर वर्षी असाच जातो.

कृष्णाकाठ
गाडी राहू द्या. जाताय कधी? आणि नुसतं दर्शन की काही करायचंय?

खारेगावकर
पुढच्या गुरुवारी. पादुकांवर अभिषेक करायचाय. बाबा होते तेव्हा दोघं गेले होते, तेव्हापासून तिच्या मनात आहे.

कृष्णाकाठ
अहो, जुलै संपत आलाय! हेच आधी सांगायला हवं होतं. माझं माहेर कुरुंदवाडचं, म्हणून कळकळीने लिहिते. मंदिर कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, घाटाच्या पायऱ्या उतरून खाली आहे. पाणी चढलं की पादुका पाण्याखाली जातात आणि उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात आणतात. दर्शन तिथेच घ्यायचं. पादुकांवर अभिषेक होणार नाही. आई एवढ्या लांब येऊन हिरमुसल्या तर?

दत्तदास_ऐरोली
हिरमुसतील कशाला? उलट भाग्य! पाणी उत्तर दरवाजातून आत येतं, पादुकांना स्पर्श करून दक्षिण दरवाजातून बाहेर पडतं. त्या पाण्यात स्नान म्हणजे दक्षिणद्वार. मी दोनदा केलंय. ते पुण्य अभिषेकाहून कमी नाही.

कृष्णाकाठ
गुडघेदुखी असलेल्या बाईला शेवाळलेल्या पायऱ्यांवरून वाहत्या पाण्यात उतरवायचं? दादा, तुमची श्रद्धा मान्य, पण हा सल्ला देऊ नका. २०१९ला अख्खा शिरोळ तालुका पाण्यात होता, २०२१लाही तेच. रस्ते बंद झाले की येणारा माणूस अडकतो.

नेरुळकर
ते सगळं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे. अडवलेल्या पाण्याचा फुगवटा मागे येतो.

कृष्णाकाठ
एकट्या अलमट्टीवर ढकलू नका. कोयना, वारणा आणि राधानगरी धरणांचं पाणी एकाच वेळी येतं, वर पाऊस थांबत नाही. राधानगरीचे तर दरवाजे स्वयंचलित आहेत, पातळी आली की आपोआप उघडतात.

नेरुळकर
पण पाणी पुढे सरकलंच नाही तर उतरणार कसं? आमच्या सांगलीच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, मी पाहिलंय.

टिटवाळ्याचा_भक्त
आईंना एवढा त्रास कशाला? काळू नदीच्या काठी आमचा महागणपती आहे. कल्याणच्या पुढे लोकलने तासाभरात पोचाल, रात्रीचा प्रवासच नको.

खारेगावकर
टिटवाळ्याला आम्ही संकष्टीला जातोच. तिला दत्तमहाराजांचेच पाय हवेत. पाणी चढलंय की नाही हे इथे बसून कळेल का?

कृष्णाकाठ
कोल्हापूरला पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे, तिथली पाणीपातळी रोज बातम्यांत असते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. आकडा चढता असेल तर निघूच नका. निघायच्या आधी मंदिरात फोन करून पूजेचंही विचारा. आणि एक सांगा, आई पायऱ्या उतरू शकतात का?

खारेगावकर
नाही. खुर्चीतून उठायलाही हात द्यावा लागतो. हे मी लिहिलंच नव्हतं.

कृष्णाकाठ
मग पावसाळ्यात नकोच. पाणी उतरून घाट कोरडा झाल्यावर या, दसऱ्यानंतर. दोन्ही बाजूंनी आधार देत सावकाश उतरवा, कुणीतरी तिसरं माणूस बरोबर आणा.

दत्तदास_ऐरोली
हे मलाही पटलं. आईंची अवस्था माहीत नव्हती मला. तिसरं माणूस मिळालं नाही तर मला निरोप करा, मी येईन.

खारेगावकर
आत्ताच आईशी बोललो. आधी गप्प बसली. मग म्हणाली, वरून दर्शन घेऊन परत यायचं नाही, पायांशी बसायचंय, थांबेन मी. गुरुवारचा बेत रद्द. दिवाळीच्या आधी नेतो. गुरुद्वादशीला नेऊ का?

कृष्णाकाठ
तो दिवस टाळा. महाराजांचा मोठा उत्सव, आईंना रांगेत उभं राहवणार नाही. त्याआधीचा एखादा साधा वार धरा, शनिवार-रविवार नको. पूजेची वेळ मात्र आधी ठरवून घ्या.